एका आळ्यात एकच

"एका आळ्यात एकच," असं म्हणत काका दुसरं रोप चिमटीत धरून उपटायचे. रोप कितीही तरतरीत असलं तरी त्याची गय नसे. वर म्हणायचे, "दोन ठेवली की काय होतं, ते आपल्या देवासनं पाहिलंय."

आमच्या देवासात तेव्हा दोन राजे होते, थोरल्या पातीचे आणि धाकट्या पातीचे. एका गावात दोन दरबार, दोन कचेऱ्या, आणि रस्त्याची एक बाजू एकाची तर समोरची दुसऱ्याची. थोरल्या पातीच्या कचेरीत मी नवा कारकून होतो आणि ते माझे वरिष्ठ. घरं शेजारी म्हणून मी त्यांना काका म्हणायचो. त्यांचा सारा जन्म हद्दीचे तंटे लिहिण्यात गेला होता. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील; परसातल्या वांग्यांनासुद्धा ती हद्द आखून देतात.

त्यांचा एकुलता एक मुलगा न विचारता बोटीवर चढला. समुद्र ओलांडला म्हणून काकांनी त्याचं नाव टाकलं. काकू आधीच गेलेल्या, त्यामुळे मध्ये पडणारं कुणी उरलं नव्हतं. दोन वर्षांनी मेक्सिको नावाच्या कुठल्याशा मुलखातून पाकीट आलं. त्यात चिमूटभर बी होतं आणि चार ओळी होत्या. ही इकडची टिपारी, कागदी टरफलातलं हिरवं आंबट फळ, चटणीला फार चांगलं. परसात लावा. शेवटी लिहिलं होतं, "फळ धरलं की नाही, तेवढं कळवा."

काकांनी ते पत्र मला दोनदा वाचून दाखवलं. "मी रागावलोय अजून," ते म्हणाले. "पण फळ आलं की लिहीन." नुसतंच लिहिलं असतं तर बाप नमला असं झालं असतं. फळाचं निमित्त मिळालं की मान राहणार होती.

दर पावसाळ्यात त्यातलं दोन-चार बी ते एकाच आळ्यात टाकत आणि उगवलेल्यांतलं एकच रोप ठेवत. मग सुरू व्हायची त्या रोपाची बडदास्त. शेणखत चाळून घालायचं, किडीसाठी पानांवर राख भुरभुरायची, काठीला बांधायचं ते सुतळीनं नाही, जुन्या धोतराच्या चिंधीनं, कारण सुतळी म्हणे काचते. कचेरीत दस्ताला डाग पडला तर खवळणारा हा माणूस मातीच्या हातांनी यायला लागला. झाड कंबरेएवढं झालं, पिवळ्या फुलांनी भरलं, आणि सगळी फुलं गळून गेली. दुसऱ्या वर्षी तेच झालं. तिसऱ्या वर्षीही. मी एकदा उपटलेलं रोप माझ्या अंगणासाठी मागितलं, तर म्हणाले, आधी इथं फळ दिसू दे, मग वाटू. मीही पुन्हा मागितलं नाही.

चौथ्या वर्षी झाड फुलात असताना एक इंग्रजी पत्र आलं. त्यांना इंग्रजी येत नसे, म्हणून ते वाचायची पाळी माझ्यावर आली. मुलगा तापानं गेला होता. मला ते मराठीत नीट सांगताही आलं नाही. काकांनी ऐकून घेतलं आणि उठून झाडाला पाणी घालून आले. भर दुपार होती, पाणी घालायची ती वेळ नव्हती.

पुढच्या वर्षी कामानिमित्त मी महूच्या छावणीत गेलो. तिथं एका साहेबाच्या बागेत तेच झाड दिसलं, कागदी टरफलांनी लगडलेलं. मी माळ्याला विचारलं.

"भिया, यो एकलो नी फले," तो म्हणाला. "जोड़ो चइये."

एका झाडाच्या फुलाला दुसऱ्या झाडाचा पराग लागावा लागतो, नाहीतर फूल गळतं, हे त्यानं मला समजावून सांगितलं.

परतलो तेव्हा काकांचे शेवटचे दिवस चालले होते. मी उशाशी बसलो तर म्हणाले, "तू चार गावं फिरतोस. माझं कुठं चुकलं रे?"

दरवर्षी स्वतःच्या हातानं तुम्ही फळ उपटून टाकत होता, हे त्या माणसाला कोणत्या तोंडानं सांगणार? मी म्हणालो, "तुमचं काही चुकलं नाही, काका. आपली काळी जमीन त्याला मानवत नाही. इथं ते धरायचंच नाही."

खोटं बोललो पण त्यांना मोकळं केलं, अशी मी मनाची समजूत घातली.

"मग धरलं नाही, असंच लिहायचं होतं," ते म्हणाले. "त्यानं तेवढंच तर विचारलं होतं."