अर्धा देश आणि मनोरीची बोट

मरोळला तिसऱ्या मजल्यावर बसून आम्ही जहाजांवर माणसं पाठवतो. हेड ऑफिस सायप्रसला. किस्से आम्ही मुद्दाम गोळा करत नाही. पण हेड ऑफिसच असं आहे, की चहा येईपर्यंत एक तरी किस्सा तयार असतो.

नोकरीला लागले त्या दिवशी मी आधी नकाशा काढून बसले. तुर्कस्तानच्या खाली, समुद्रात, एवढंसं बेट. आणि मधून आडवी रेघ! शेजारच्या टेबलावर सावंतकाका होते, मूळचे मालवणचे, अर्धं आयुष्य बोटीवर काढलेले. त्यांना विचारलं, "काका, सायप्रस देश कसा आहे हो?"

काकांनी चष्मा वर केला. "अर्धो!"

मग समजावलं. खाली ग्रीक बोलणारे, वर तुर्की बोलणारे, मधे युनोचे सैनिक. वरचं सरकार एका तुर्कस्तानाशिवाय जगात कुणीच मानत नाही. राजधानीसुद्धा मधोमध कापलेली.

*

आमच्यातला विल्सन मनोरीचा. त्याचा भाऊ वर्षानुवर्षं सायप्रसचा झेंडा लावलेल्या जहाजांवर जातो. तो सुट्टीवर आला तेव्हा मी विचारलं, "काय रे, तुझ्या झेंड्याचा देश तरी बघितलास का कधी?"

"पाय नाय लागला अजून. पण झेंड्यावरच नकाशा आहे ना!"

"आणि मधली रेघ?"

"ती नाय. झेंड्यावर अख्खा आहे!"

*

आंद्रेआस आमचा तिकडचा बॉस. पन्नाशीचा, बडबड्या. मीटिंगला हमखास उशिरा येतो, त्यामुळे आमच्याशी लगेच जमलं. एकदा तो मुंबईत आला असताना मी विचारलं, "दोन्ही बाजू मिळून एखादी तरी गोष्ट करतात का?"

तो बराच वेळ छताकडे बघत बसला. मग म्हणाला, "गटार."

खरंच! राजधानीच्या दोन्ही भागांचं सांडपाणी एकत्र जातं. सावंतकाका दहिसरच्या सोसायटीचे सेक्रेटरी. ते एकदम हळवे झाले. "म्हणजे लय पुढे गेलेत की रे! आमच्या ए आणि बी विंगचं तेवढंसुद्धा जमत नाही."

*

आंद्रेआसचा मामा तर कहरच. खाली युरो चालतो, वर लिरा. मामा सकाळपासून रात्रीपर्यंत वरच्या लोकांना शिव्या घालतो. त्यांच्या दुकानातलं पाणीसुद्धा पिणार नाही म्हणतो. एकदा व्हिडिओ कॉलवर तोच मागे दिसला, गाडी पुसत होता. मी आंद्रेआसला मुद्दाम विचारायला लावलं, की मामा पेट्रोल कुठे भरतात?

मामाने फडकं खाली ठेवलं. "वरच. तिकडे स्वस्त आहे ना!"

*

पण आंद्रेआसची आई मामासारखी नाही. तिचं सासर वरच्या बाजूला, डोंगराच्या पलीकडे. तुर्कस्तानचं सैन्य बेटावर उतरलं तेव्हा लग्नाला वर्षही झालं नव्हतं. नेसत्या कपड्यांनिशी खाली पळाली, ती पळालीच. पुढे मधले नाके उघडले. आंद्रेआस जाऊन घर बघून आला, फोटो काढून आला. आई जात नाही. नाक्यावर पासपोर्ट दाखवावा लागतो, आणि तिचं एकच म्हणणं, "माझ्या घरी जायला मी कुणाला कागद दाखवू?"

"थकत चालली आहे गं," आंद्रेआस मला म्हणाला. "एकदा तरी तिला ते घर दाखवायचंय. पण ती हट्ट सोडत नाही." तेव्हा तो अजिबात बडबड्या वाटला नाही.

*

या वर्षी तो आईला घेऊन मुंबईला आला. विल्सनने सगळ्यांना मनोरीला जेवायला बोलावलं. मार्वेच्या जेट्टीवर आम्ही बोटीची वाट बघत उभे होतो. समोर खाडी, पलीकडे मनोरी. म्हातारीने आपण होऊन पर्स उघडली आणि पासपोर्ट काढून हातात घट्ट धरला.

"आंटी, नो नो!" विल्सन ओरडलाच. "फक्त तिकीट लागतं!"

तिने विश्वास ठेवला नाही. पाचएक मिनिटांत बोट पलीकडे लागली. उतरल्यावर ती डावी-उजवीकडे पोलीस शोधायला लागली. एक बाई मासळीची पाटी घेऊन पुढे गेली, एक माणूस स्कूटर ढकलत गेला. कुणाला कुणी काही विचारलं नाही.

"इथे सरकार कुणाचं?" तिने मला इंग्रजीत विचारलं.

"तेच. तिकडचंच."

तिने मागे वळून खाडीपलीकडे बघितलं. मग म्हणाली, "मला परत तिकडे जायचंय."

मला वाटलं, तब्येत बिघडली. आंद्रेआस घाबरला. आम्ही मार्वेला परत आलो. उतरली, चार पावलं चालली, वळली आणि पुन्हा तिकिटाच्या रांगेत! मनोरीला पोचलो तर पुन्हा परत. विल्सनच्या आईचे फोनवर फोन, "बोंबील थंड झाले रे, येताव का नाय?" आंद्रेआसने दोनदा समजावून बघितलं, मग तोही मुकाट्याने आईच्या मागे उभा राहायला लागला.

मार्वेला तिसऱ्यांदा तिकीट काढताना तिकीटवाल्याला राहवलं नाही. "काय आजी, पलीकडे काही राहिलं का?"

मी तिला इंग्रजीत सांगितलं.

म्हातारीने इतका वेळ हातात धरलेला पासपोर्ट पर्समध्ये टाकला, पर्स बंद केली.

"हो," म्हणाली, आणि बोटीत चढली.