बॅटरीचं अर्थिंग

सर्किट अॅनालिसिसच्या पहिल्या तासाला सरांनी फळ्यावर विषयाचं नाव लिहिण्याआधी आम्हाला उभं केलं. "डिप्लोमावाळा ऊभा थाओ." डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेले आम्ही सगळे मागच्या बाकांवर होतो, कारण पुढचे बाक पहिलं वर्ष एकत्र काढलेल्यांनी धरून ठेवले होते. उठलो. या विषयात तुमच्यासारखेच जास्त नापास होतात, सर म्हणाले, तेव्हा ज्यांना सोडून जायचं असेल त्यांनी आत्ताच जावं, दार उघडं आहे. ही झाली विषयाची ओळख.

कॉलेज गुजरातमधलं, पण सर मराठी होते. प्रवेशाच्या दिवशी ऑफिसबाहेर फोनवर ते चांगलं खणखणीत मराठी बोलत होते, मी स्वतः ऐकलं होतं. आमच्याशी मात्र गुजराती. आमच्या कोसाड कॉलनीतली मराठी पोरं अंगाला चिकटतील, अशी भीती असावी. मला तो माणूस त्या दिवसापासूनच आवडला नाही.

माझ्या शेजारी आमच्याच कॉलनीतली मैत्रीण बसली होती. डिप्लोमा आम्ही एकत्र केला, आणि डिग्रीला जाऊ या ही कल्पनाही तिचीच. मी मधलं वर्ष इच्छापोरला एका कारखान्यात इलेक्ट्रिक पॅनेलचं वायरिंग केलं आणि तिच्या नादाने ती नोकरी सोडून आले. आई अजून धुसफुसत होती. शेठ म्हणाले होते, महिनाभर तुझी जागा ठेवतो. म्हणजे मागे फिरायला वाट होती, आणि आई रोज तीच दाखवायची.

सरांनी फळ्यावर एक बॅटरी आणि तिच्याशी ओळीत जोडलेले दोन सारखे रेझिस्टर काढले. नऊ व्होल्टची बॅटरी. झीरो व्होल्ट कुठे धरायचं, असं विचारून त्यांनी खडू माझ्याकडे रोखला. मी लगेच म्हणाले, "खाली, सर. अर्थिंगला." पॅनेलवर काम करणाऱ्याला दुसरं सुचणारच नाही. आधी अर्थिंगची हिरवी वायर, मग बाकीचं, हे आमच्या अंगात भिनलेलं. चुकलं तर माणूस जातो.

"अहीं अर्थिंग क्यां छे?" सर हसले. बॅटरी टेबलावर आहे, जमिनीशी तिचा संबंध काय, असंही गुजरातीतच विचारलं. मग त्यांनी शून्य मुद्दाम वरच्या टोकाला दिलं आणि खाली उणे नऊ लिहिलं. "मायनस कसं येईल, सर?" मी म्हणाले. "चुकलंय." सगळा वर्ग खिदळला. सरांनी शांतपणे खडू ठेवला आणि म्हणाले, डिप्लोमावाले हात घेऊन येतात, डोकं घरी ठेवतात. कानशिलं तापली माझी. मैत्रिणीने मान खाली घातली, जणू ती चूक तिनेच केली होती.

मधल्या सुट्टीत तिने बॅग उचलली. मी दारात आडवी उभी राहिले, हात धरला, रागावले. "मला नाही होणार यार हे," ती म्हणाली. "तू तर काम केलेलं, तुझे हे हाल. माझं काय?" संध्याकाळी परतताना बसमध्ये तिने खिडकीबाहेर बघत विचारलं, "तुझी ती जागा अजून खाली आहे ना?" कॉलनीच्या स्टॉपवर उतरून मीच शेठना फोन लावून दिला.

घरी आईने चेहरा बघितला. "काय व्हयनं व?" काही नाही, म्हटलं. जेवण बाजूला सारून मी ते सर्किट पुन्हा मांडलं. शून्य खाली घेतलं, वर घेतलं, मग मधोमध घेतलं. आकडे दर वेळी बदलले, पण प्रत्येक रेझिस्टरच्या दोन टोकांतला फरक साडेचारच राहिला. म्हणजे तो माणूस बरोबर होता. मला ओरडावंसं वाटलं. ज्याचा इतका राग येतो त्याने निदान चुकीचं तरी असावं.

दुसऱ्या दिवशी मी पहिल्या बाकावर बसले. तिथली मुलगी कुरकुरली, मी सरकले नाही.

"तमे हजी अहीं छो?" मी अजून इथे कशी, याचं सरांना नवल वाटलं.

मी मराठीतच बोलले. "हो सर. कालचं मला कळलं. शून्य कुठेही घेतलं तरी फरक तोच राहतो. माझ्याशेजारी बसलेलीलाही कळलं असतं. तुम्ही हसायच्या ऐवजी एकदा सांगितलं असतं तर."

सर पहिल्यांदाच मराठीत म्हणाले, "घोडामैदान जवळच आहे. बसा."

मी त्यांचा एकही तास बुडवला नाही. प्रश्न विचारून विचारून वात आणला त्यांना, आणि त्यांनीही मला एका शब्दाची सूट दिली नाही. निकालात वर्गात माझाच नंबर वर होता. आईने पेढे आणले आणि पहिला पुडा मैत्रिणीकडे देऊन ये म्हणाली. मी तिच्या बिल्डिंगचे जिने चढले. दारातून तिचा आवाज येत होता, ती तिच्या आईला इच्छापोरच्या माझ्या जुन्या कारखान्यातल्या दिवसभराचं काहीतरी सांगत होती. पेढे तिच्या हातात ठेवायचा धीर झाला नाही, मी पुडा घेऊन तशीच खाली उतरले.