गफूरची सही

यादी फलकावर डकवायचं काम गफूरचंच होतं. लातूरच्या एका ज्युनिअर कॉलेजात तो प्रयोगशाळेत परिचर होता. परीक्षानळ्या धुवायच्या, स्पिरिटचे दिवे भरायचे, आणि ऑफिसातून कागद आला की खळ लावून तो फलकावर चिकटवायचा. त्या दिवशीचा कागद बारावी सायन्सच्या विशेष तुकडीचा होता. बोर्डात येतील, मेडिकलला लागतील अशी पोरं वेगळी काढून त्यांना संध्याकाळपासून रात्रीपर्यंत बसवायचं, असं संस्थेनं त्या वर्षी ठरवलं होतं. किल्लारीच्या भूकंपाला सहा वर्षं होत आली होती आणि लातूरच्या निकालांचं नाव राज्यभर झालं होतं. उमरी, कंधार, मुदखेडकडूनसुद्धा पोरं गाद्या-वळकट्या घेऊन येत होती आणि मिळेल त्या खोलीत राहत होती.

गफूरनं चिकटवता चिकटवता नावं वाचली. सगळी मुलांची होती. त्याची मुलगी मुबश्शिरा याच कॉलेजात बारावीला होती आणि निवड चाचणीत ती तिसरी आली होती. फिजिक्सच्या गुरुलिंग सरांनी त्याला थांबवून तसं सांगितलं होतं. यादीत तिचं नाव नव्हतं. गफूरला वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगायचं तर त्याच्या जिवावरचं ओझं उतरलं.

कारण रात्र म्हटलं की त्याला भूकंपाची ती पहाट आठवायची. त्याची धाकटी बहीण किल्लारीकडच्या एका खेड्यात दिलेली होती. भूकंपाच्या सकाळी मिळेल त्या ट्रकला लोंबकळून तो तिथं गेला, तर गाव ओळखू येत नव्हतं. वरून पाऊस, खाली दगड-मातीचा चिखल. बहिणीला आणि तिच्या दोन्ही पोरींना त्यानं आपल्या हातांनी बाहेर काढलं; तिघींतली एकही जिवंत नव्हती. तेव्हापासून तो दगडी भिंतीच्या घरात झोपला नाही. शहराच्या कडेला पत्र्याची खोली घेतली. उन्हाळ्यात ती तव्यासारखी तापायची, तरी त्याला तीच बरी वाटायची. रस्त्यावरून जड ट्रक गेला आणि पत्रे थरथरले की तो उठून बसायचा, आणि एका हातानं बायकोचं, दुसऱ्या हातानं मुलीचं मनगट धरायचा. मुलगी रात्री बाहेर असेल तर त्यानं कुणाचं मनगट धरायचं?

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा मुबश्शिरा ओट्यावर बसून होती. समोर पुस्तक नव्हतं.

"अब्बा, यादी तुम्हीच लावली ना?"

"हाव."

"मग माझं नाव नाही हे तुम्ही बघितलंच असेल. माझ्यामागं नंबर असलेली पोरं आत आहेत. मुली एकसुद्धा नाही."

"बरंच झालं की. रातच्याला कुठं येती-जाती तू? जमाना कसा हाय."

तिची आई जन्नतबी चुलीपुढून म्हणाली, "वर्षभर बत्ती जाळली पोरीनं. बरं काय झालं त्यात?" गफूरनं हात धुवायचं निमित्त केलं आणि तो बाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी मुबश्शिरा आणि तिची मैत्रीण ज्योत्स्ना प्राचार्यांना भेटल्या. ज्योत्स्ना उमरीची. तिची आई धुरपताबाई मुलीच्या शिक्षणासाठी लातूरला खोली करून राहत होती आणि एका दवाखान्यात आयाचं काम करत होती. चाचणीत ज्योत्स्नाचा नंबर मुबश्शिराच्या पाठोपाठ होता. प्राचार्य सभ्यपणे बोलले. तुकडी मुलांच्या वसतिगृहाच्या हॉलमध्ये बसणार, तिथं मुलींची जबाबदारी कोण घेणार, असं ते म्हणाले. मग हसून असंही म्हणाले की मुलींची बारावी झाली की आई-वडील लग्न लावतात, मेहनत फुकट जाते. संस्थेला निकाल बघावा लागतो.

ज्योत्स्नाचा मामा पंढरी नांदेडच्या कोर्टात वकिली करायचा. रविवारी तो एसटीनं आला आणि भाचीला, बहिणीला घेऊन थेट गफूरच्या खोलीवर आला. चहा घेता घेता त्यानं साध्या शब्दांत समजावलं.

"गफूरभाई, संस्था खाजगी असली तरी मास्तरांचे पगार सरकार देतं. सरकारी अनुदान घेतलं की राज्यघटना लागू झाली. पंधराव्या कलमात लिहिलंय, निव्वळ बाईमाणूस म्हणून कुणाला डावलता येत नाही. मुलींसाठी जास्तीची सोय करायला कायद्यानं मोकळीक दिलीय. त्यांना बाहेर ठेवायला दिलेली नाही. रात्रीची काळजी असेल तर कॉलेजनं वेळ बदलावी, जागा बदलावी. मुली काढून टाकणं हा काही बंदोबस्त नव्हे."

"बराबर हाय साहेब," गफूर म्हणाला. त्याला ते खरंच बरोबर वाटत होतं आणि म्हणूनच घाम फुटला होता.

पंढरीनं अर्ज तयार करून आणला होता. एक शिक्षण उपसंचालकांना, त्याची प्रत कॉलेजला. मुली सज्ञान नव्हत्या, म्हणून पालकांची सही लागत होती. धुरपताबाईनं तिथंच, अक्षर लावत लावत आपलं नाव लिहिलं. गफूर म्हणाला, "मी दोन दिवसांत सांगतो." मुबश्शिरानं मान खाली घातली.

पण बातमी आधीच पोचली होती. दुसऱ्या दिवशी संस्थेच्या सचिवसाहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. आजवर त्या केबिनमध्ये तो फक्त ट्रे घेऊन गेला होता. आज साहेबांनी त्याला बसायला सांगितलं. तो खुर्चीच्या काठावर टेकला.

"गफूर, तुला नोकरीत कायम करायचं प्रकरण माझ्याच टेबलावर आहे ना?"

"जी साहेब."

"चांगला माणूस आहेस. वकिलाच्या नादी लागू नको, त्याला काय, तो आज येईल उद्या जाईल. तू इथंच राहणार. आणि एक बघ." साहेबांचा आवाज आणखी मऊ झाला. "तुझी पोर रात्री पोरांत बसणार. उद्या कुणी काही बोललं, काही झालं, तर गोष्ट दोन घरांपुरती राहत नाही. अख्ख्या गावाला झळ लागते. तुला कळतंय मी काय म्हणतोय ते."

गफूरला कळलं. आपण कोण आणि कुठं राहतो, याची आठवण त्याला कुणी इतक्या प्रेमानं करून दिली नव्हती. प्रयोगशाळेत जाऊन त्यानं नळ सोडला आणि धुतलेल्याच नळ्या पुन्हा धुवायला घेतल्या. गुरुलिंग सर आत आले. त्यांनी दार लोटून घेतलं आणि हळूच म्हणाले, "पोरगी हुशार आहे, गफूर. पण माझं नाव कुठं येऊ देऊ नको." त्यांचाही चेहरा उतरलेला होता.

सही करायची नाही, असं गफूरनं ठरवून टाकलं. घरी सांगायचं धाडस नव्हतं, म्हणून आधी धुरपताबाईला सांगावं, असा विचार करून तो दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेला. ती मागच्या अंगणात चादरी वाळत घालत होती.

"बाई, माझ्याच्यानं न्हाई होणार. नोकरी हाय. आमची गोष्ट येगळी हाय. माफी करा."

धुरपताबाईनं हातातली चादर दोरीवर टाकली आणि तशीच उभी राहिली.

"भाऊ, तुमाला वाटतं मला भ्या न्हाई? काल खोलीच्या मालकानं सांगितलं, महिन्याअखेर जागा सोडा. कोन बोललं त्याला, मला ठावं न्हाई. सही केल्यापासून अन्न जाईना मला." तिनं डोळे पुसले नाहीत, कारण ती रडत नव्हती. "तुमी न्हाई केली तरी मी काय मागं घेत न्हाई. पर मग माझी एकलीच लेक ऱ्हाईल तिथं. एकल्या पोरीला काय बी म्हनता येतं, भाऊ. दोघी असल्या की जरा जड जातं."

गफूर परतला. वाटेत त्याला ज्योत्स्ना दिसत राहिली, फलकापुढं एकटी उभी असलेली, आणि भोवती कुजबुजणारी पोरं. मग त्या जागी मुबश्शिरा दिसायला लागली. घरी पोचल्यावर त्यानं जन्नतबीला सगळं सांगितलं, साहेबांचं बोलणंसुद्धा. तिनं चुलीतली लाकडं मागं ओढली. मग म्हणाली, "डर तर मलाबी लागून राहिला. पण डरलं म्हणून साहेब आपल्याला सोडणार हाय का?"

मुबश्शिरा ऐकत होती. "अब्बा, तुमची नोकरी जाणार असेल तर नका करू. मी घरीच अभ्यास करीन," ती म्हणाली. तिनं ते मनापासून म्हटलं होतं, आणि तेच गफूरला सोसवलं नाही. त्यानं धुरपताबाईकडून अर्ज मागून घेतला. सही केली, पण ती नेहमीसारखी उमटलीच नाही. पंढरीनं नंतर शेजारी त्याचं नाव लिहून घेतलं.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. गफूरला प्रयोगशाळेतून काढून संडास-मोरीच्या कामावर घातलं. ऑफिसातले लोक तो आला की बोलणं थांबवायचे. घरी येताना मोटारसायकलवरचे दोघे त्याच्या मागून हळूहळू यायचे आणि खोलीपाशी हॉर्न वाजवून निघून जायचे. ते कोण होते हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. तो मुबश्शिराला सोडायला आणि आणायला स्वतः जाऊ लागला. नमाजातसुद्धा त्याचे कान रस्त्याकडे असायचे.

मग एके दुपारी उपसंचालक कार्यालयातून एक अधिकारी बाई चौकशीला आल्या. प्राचार्य, सचिव, दोन्ही मुली आणि पालक, सगळ्यांना एका खोलीत बसवलं. बाईंनी प्राचार्यांना विचारलं, "मुलींना घ्यायचं नाही असा संस्थेचा ठराव आहे का?"

"तसा ठराव नाही. सोयीचा प्रश्न होता."

"चाचणी मुला-मुलींना एकच होती?"

"हो."

"मग निकाल दोन कसे?"

प्राचार्यांनी सचिवांकडे बघितलं. बाई गफूरकडे वळल्या. "तुम्ही इथंच नोकरीला आहात. तुमच्यावर कुणी दबाव आणला का?"

सचिवसाहेब त्याच्याकडेच बघत होते. खरं सांगावं असं गफूरच्या फार मनात आलं, पण जीभ वळली नाही.

"न्हाई, मॅडम," तो म्हणाला. धुरपताबाईनं चमकून त्याच्याकडे बघितलं. गफूर उठून उभा राहिला. "दबाव न्हाई. पण अर्ज माझा हाय. मी तो मागं घेणार न्हाई. माझी पोर तिसरी आली हाय, तिला बसू द्या."

एवढं बोलून तो खाली बसला.

बाईंनी काय ओळखायचं ते ओळखलं असावं. दिवाळीच्या आधी लेखी आदेश आला: तुकडी गुणांप्रमाणेच लावायची, तास वसतिगृहात न घेता कॉलेजच्या इमारतीत घ्यायचे आणि दिवस मावळायच्या आत संपवायचे. नवी यादी लागली तेव्हा तिच्यात बऱ्याच मुली होत्या. अर्जावर सही न केलेल्या घरांच्यासुद्धा. कुणी गफूरला येऊन काही म्हटलं नाही. कंधारकडचे एक गृहस्थ मात्र आपल्या मुलीला सोडायला आले की त्याला लांबून हात करायचे.

गफूर त्या वर्षी कायम झाला नाही, पुढच्या वर्षीही नाही. सचिव बदलले तेव्हा झाला. धुरपताबाईला दुसरी खोली मिळायला फार हिंडावं लागलं. ज्योत्स्नाला नांदेडच्या सरकारी मेडिकलला प्रवेश मिळाला. मुबश्शिराचा नंबर थोडक्यात हुकला. निकालाच्या दिवशी गफूरला लोकांची धास्ती वाटत होती. आता साहेब म्हणतील, बघा, एवढ्यासाठी केलं का? तो तिची समजूत घालायला शब्द शोधत होता. तीच म्हणाली, "अब्बा, मार्क कमी पडले ते माझे मला पडले. कुणी काढून नाही घेतले." मग ती आत जाऊन रडली, आणि जन्नतबी तिच्याजवळ बसून राहिली.

तिनं बीएस्सी केलं, मग बीएड. आज ती नांदेडच्या एका शाळेत फिजिक्स शिकवते. गफूर आता थकलाय. मुलीकडे गेला की तिच्या स्लॅबच्या घरात त्याला झोप लागत नाही. तो बाज अंगणात ओढून घेतो. त्या वर्षाबद्दल कुणी विचारलं तर तो म्हणतो, "लई भ्यालो होतो. अजूनबी भेतो." आणि मुलीला शाळेतून यायला उशीर झाला की फाटकापाशी जाऊन उभा राहतो.