काहिलीचा फ्रीबोर्ड

संगमनेरकडच्या आमच्या बेलापूरहून समुद्र कुठल्याही बाजूने लांबच. तरी मला जहाजंच बांधायची होती. हे सांगितलं की लोक आधी हसायचे आणि मग विचारायचे, "अगं, पण पोहता येतं का?" माझं टाळकं सटकायचं. जहाज बांधणाऱ्याला पोहण्याशी काय घेणं! संगमनेरला मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, एका जहाजबांधणी यार्डात शिकाऊ म्हणून अर्ज टाकला, लेखी परीक्षा पास झाले आणि तोंडी परीक्षेत आपटले.

तिथे टेबलावर जहाजाचं लाकडी मॉडेल होतं. कील म्हणजे तळातून जाणारा जहाजाचा कणा. बीम म्हणजे रुंदी. ड्राफ्ट म्हणजे जहाज पाण्याखाली किती खोल गेलंय ते, आणि फ्रीबोर्ड म्हणजे पाण्यापासून डेकपर्यंत किती उंची मोकळी उरलीय ते. सगळं घडाघडा म्हटलं. मग परीक्षक म्हणाले, "भार मर्यादेत आहे, फ्रीबोर्ड पुरेसा आहे, तरी जहाज कलंडलं. का?" माझं पाठ केलेलं संपलं होतं.

आता एकच संधी उरली होती. त्यानंतर वयाची अट आडवी येणार होती. घरी येऊन मी दोन दिवस सगळ्यांवर खेकसत राहिले. तिसऱ्या दिवशी आण्णा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "पुस्तक ठिव बाजूला. काहील हाय की आपली."

गुऱ्हाळ बंद झाल्यापासून रस उकळायची ती मोठी लोखंडी काहील गोठ्यामागे पालथी पडली होती. आम्ही ती ट्रॅक्टरने शेततळ्यावर नेली, दोराला बांधली आणि पाण्यात सोडली. तरंगली! मी अक्षरशः नाचले. काहील मात्र जागच्या जागी गरगर फिरत होती.

"हिला पुढं-मागंच न्हाई," आण्णा म्हणाले.

"कील नाही ना तिला!" मी ओरडले. पुस्तकातला शब्द पहिल्यांदाच डोळ्यांना दिसत होता.

मग मी काहिलीच्या काठाखाली वीतभर अंतरावर चुन्याची रेघ ओढली. पाणी इथवर आलं की भरणं बंद, वरची वीत हा आपला फ्रीबोर्ड. आण्णांनी मान डोलावली आणि उसाच्या मोळ्या आत रचायला घेतल्या. पण ज्या माणसाने आयुष्यभर कारखान्याला ट्रॉल्या भरल्या, त्याचा हात आडवा पसरत नाही, उभाच चढतो. ट्रॉली जितकी उंच तितका भरणारा वस्ताद, ही आमच्याकडची रीत. बघता बघता मधोमध माणसाच्या उंचीचा ढीग झाला आणि आण्णा त्याच्यावर चढले.

"आण्णा, खाली उतरा!"

"रेघ कुठं बुडलीय अजून? दोन मोळ्या बसत्यात लई आरामात," असं म्हणून त्यांनी तळ्याच्या काठावरची मोळी घ्यायला हात लांबवला, आणि काहील एका अंगाला गेली. ऊस, फेटा, आण्णा, सगळं पाण्यात. छातीभरच पाणी होतं. तरी मी दोर धरून धावले. आण्णा तोंडातलं पाणी थुंकत उभे राहिले आणि काहिलीलाच शिव्या घालू लागले.

मी मात्र त्या रेघेकडे बघत होते. पडण्याआधी ती पाण्याच्या वर होती. नक्की होती! वजन जास्त नव्हतंच, वजन उंच होतं. मी काठावर बसून खदाखदा हसत सुटले. आण्णांना वाटलं, त्यांनाच हसतेय. दोन दिवस अबोला धरला त्यांनी.

दुसऱ्या तोंडी परीक्षेला परीक्षक तेच होते, पण प्रश्न साधा आला, "फ्रीबोर्ड म्हणजे काय?" मी व्याख्या सांगितली आणि मला थांबताच येईना. नुसत्या रेघेवर विसंबून चालत नाही साहेब, म्हणत मी काहील, ट्रॉली, ढीग, सगळं हातवारे करून सांगितलं. वडील कसे पडले तेही. समोरचे तिघेही हसले. मग परीक्षकांनी लाकडी मॉडेल माझ्याकडे सरकवलं आणि विचारलं, "आता यात तोच ऊस कुठे भराल?" मी तळाशी बोट ठेवलं, कीलच्या अगदी जवळ.

यादी संध्याकाळी लागली. मी गेटबाहेरूनच फोन लावला.

आण्णांनी आधी हेच विचारलं, "मी पडल्याचं सांगितलंस व्हय तिथं?"

"सांगितलं."

"सगळ्यांम्होरं?"

"हो."

मग हळूच, "घेतलं का न्हाई तुला?"

"घेतलं, आण्णा! घेतलं!"

"मंग आधी सांगायचं की गं. अजून दोनदा पडलो असतो."