फुटक्या काचेची परात

विज्ञानाचं सामान गावात आलं तेव्हा त्याची मिरवणूक काढायचीच तेवढी बाकी राहिली होती. पालमहून बैलगाडीत कडबा अंथरून लाकडी पेट्या आणल्या. शाळेचा शिपाई रंगनाथ बैलांच्या पुढं चालत होता आणि प्रत्येक खड्ड्याला "हळू रे, हळू" म्हणून ओरडत होता. मुख्याध्यापक दत्तराव गुरुजींनी पेट्या स्वतःच्या हातानं उघडल्या. काचेच्या नळ्या, चंचुपात्रं, भिंगं, तराजू, सगळं दस्तीनं पुसून लोखंडी अलमारीत लावलं, कुलूप घातलं आणि किल्ली कोटाच्या आतल्या खिशात टाकली. त्या खिशातून ती बाहेर आली ती खंडेनवमीला. त्या दिवशी अलमारी उघडून सामानाला हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली, नारळ फोडून खोबरं वाटलं. मग पुन्हा कुलूप.

खोबरं खाताना कुसुमबाईच्या मस्तकात तिडीक गेली. ती शाळेत विज्ञान शिकवायची आणि सामान आलं होतं तिच्या अर्जावर. मुलींना आणि वस्तीवरच्या लेकरांना विज्ञान-गणित हातानं करून शिकवणाऱ्या मास्तरांना सरकार अनुदान देणार, असा कागद शाळेत आला होता. बाकीच्यांनी त्यावर सही केली, हिनं तो वाचला.

कुसुमबाई याच गावची, भीमनगरातली. आई दगडाबाई रोजानं खुरपायला जायची. लेक परभणीच्या कॉलेजात गेली, तिथं प्रयोगाच्या तासाला गटातली पोरं उपकरणं धरायची आणि हिला म्हणायची, "तुझं अक्षर सुरेख आहे, तू निरीक्षणं लिही." तिच्या अक्षराचं एवढं कौतुक पुढं कुणी केलं नाही. दुसऱ्याच्या हातातली नळी बघत बघत ती विज्ञानाची पदवीधर झाली. मधे अठ्ठ्याहत्तर साल आलं. विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला, भीमनगरची छपरं जळाली, त्यात हिच्या वह्याही गेल्या. दगडाबाईनं राखेतून तवा तेवढा उचलला आणि म्हणाली, "वह्या परत लिव्हता येत्यात. तू जा कॉलेजात." कुसुमबाई गेली, शिकली, आणि ज्या शाळेत लहानपणी दाराशी बसत होती तिथंच मास्तरीण होऊन आली.

खंडेनवमीच्या दुसऱ्या आठवड्यात ती गुरुजींच्या टेबलापाशी उभी राहिली.

"गुरुजी, किल्ली द्या."

"कशाला, बाई?"

"नववीला प्रयोग करायचाय."

"फळ्यावर काढून दाखवा की. तुमी चित्रं लय झकास काढता."

"चित्रातल्या नळीनं चटका बसत न्हाई, गुरुजी."

"फुटलं म्हंजे? सरकारी माल हाय. जिम्मेदारी कुणाची?"

"अर्ज माझा होता. जिम्मेदारी माझी."

गुरुजींनी किल्ली दिली, पण अशी, जशी घरातली म्हैस बाजारला पाठवावी.

अलमारी उघडली आणि काच फुटायला लागली. फुटणारच. ज्या हातांनी आजवर खुरपं आणि घागर धरली त्यांना नळीचा नाजूकपणा एका दिवसात कसा कळावा? कुसुमबाई फुटकी काच एका जुन्या परातीत साठवायची. निम्मी लेकरं अनवाणी. उकिरड्यावर टाकावी तर कुणाच्या तरी पायात जायची.

गावातल्या फुटण्याच्या भीतीला माणसं बरोबर ओळखू यायची. पुढच्या बाकावरच्या पोरानं चंचुपात्र फोडलं की लोक म्हणायचे, "लेकरूच हाय." भीमनगरच्या पोरीनं नुसतं हातात धरलं की, "बाई, फुटंल ना!" एकदा एक बाप वर्गाच्या दारापर्यंत आला.

"तीच नळी आमच्या पोरानं धरायची का?"

"का? गरम असती म्हणून?"

"तसं न्हाई, बाई. तुमाला कळतंय मी काय म्हणायलोय ते."

"कळतंय, भाऊ. म्हणूनच तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. बोला मोठ्यानं, वर्गाला ऐकू जाऊ द्या."

तो टोपी सारखी करून निघून गेला. त्याच्या पोराचा नंबर कुसुमबाईनं त्या दिवशी पंचशीलाच्या मागं लावला. पंचशीला भीमनगरची, हडकुळी आणि हट्टी. तिच्या हातून सगळ्यांत जास्त फुटायचं, कारण सगळ्यांत जास्त वेळा तीच हात पुढं करायची.

मग तपासणीचा सांगावा आला. अनुदानाचा दुसरा हप्ता तपासणीला येणाऱ्या साहेबांच्या शेऱ्यावर होता. साहेबांनी 'दुरुपयोग' लिहिलं की हप्ता गेला, अलमारीला पुन्हा कुलूप लागलं आणि कुसुमबाईची बदली कुठं होईल याचा नेम नाही. तपासणीच्या दिवशी सकाळीच रंगनाथ एसटीतून उतरला, पाठीवर पोतं.

"बाई, सगळं नवंकोरं हाय. शेजारच्या गावच्या शाळेतून गुरुजींनी मागवलंय. टपावर टाकलं न्हाई बघा, लेकरासारखं मांडीवर घेऊन आलो."

"माघारी ने."

"दुपारी न्यायचंच हाय. साहेब हितून उठले की तिकडंच जायलेत. त्यांच्या आधी पोचाय पाहिजे."

"म्हणजे साहेब तेच सामान दोनदा तपासणार?"

"साहेबाची जीप, आमची एसटी," रंगनाथ खालच्या आवाजात म्हणाला. "पळापळ आमचीच हाय, बाई."

दत्तराव गुरुजी धावत आले. "बाई, हात जोडतो. अर्ध्या घंट्याचा तर सवाल हाय. मांडा हे आणि ती परात लपवा."

"गुरुजी, आज हे मांडलं तर उद्यापासून ते फुटू नये म्हणून पोरांना दूर ठेवावं लागंल. मी हे पोतं उघडणार न्हाई."

तिनं लांब टेबल ओढलं, उरलेलं सामान मांडलं आणि अगदी पुढं, जिथं साहेबांची नजर पहिली जाईल तिथं, परात ठेवली.

साहेब आले. इस्त्रीचा शर्ट, घामानं चिकटलेला.

"हे काय?"

"फुटलेलं सामान, साहेब."

दत्तराव गुरुजींनी डोळे मिटून घेतले.

"बाई, बाकीच्या शाळांत एक नळी फुटलेली नाही."

"तिथं पोरांनी हात लावला नसेल, साहेब."

साहेबांनी घसा साफ केला. महिनाभरात असले किती नवेकोरे तराजू त्यांनी बघितले होते आणि त्यांतले किती पोत्यातून हिंडत होते, हे त्यांचं त्यांना ठाऊक. "दाखवा मग," ते म्हणाले. "पोरं काय करतात ते बघू."

कुसुमबाईनं पंचशीलाला बोलावलं. प्रयोग मोरचुदाचा. निळा मोरचूद तापवला की पांढरा पडतो, आणि निवल्यावर पाण्याचा थेंब टाकला की पुन्हा निळा होतो. पंचशीलानं चिमट्यात नळी धरली, दिवा पेटवला. निळं हळूहळू पांढरं झालं. इथवर चांगलं चाललं होतं. पण समोर साहेब, दारात गुरुजी, खिडकीत अर्धं गाव. पोरीनं घाई केली. तापलेल्या नळीतच पाणी टाकलं. टच्च आवाज झाला आणि नळीला वरपासून खालपर्यंत चीर गेली.

खिडकीतून कुणीतरी म्हणालं, "आता?"

"बघा साहेब," दत्तराव गुरुजी म्हणाले, "मी पहिल्यापासून सांगायलोय..."

पंचशीलाचे डोळे भरून आले होते. कुसुमबाईनं तिच्याकडं पाहिलं, साहेबांकडं नाही.

"का फुटली गं?"

"निवायच्या आधी पाणी टाकलं, बाई."

"बरं. दुसरी घे."

साहेब खुर्चीत पुढं सरकले. "अहो बाई, पुन्हा फुटली तर?"

"तर तिसरी, साहेब. ह्याच्यासाठीच मागितलं होतं अनुदान."

पंचशीलानं फुटकी नळी परातीत ठेवली, नाक बाहीला पुसलं आणि दुसरी घेतली. ह्या वेळी ती थांबली. एवढी थांबली की साहेबांनी दोनदा घड्याळ बघितलं. मग थेंब टाकला. पांढऱ्याचं निळं झालं. पोरगी हसली नाही, नळी उंच धरून मागच्या बाकांना दाखवत राहिली.

साहेबांनी कागद काढला. "नुकसानीची वसुली जबाबदार शिक्षकाच्या पगारातून होईल. नियम आहे."

"करा."

"हप्त्याचं वरच्यांना कळवतो. खात्री देत नाही."

"देऊ नका. पण दुरुपयोग लिहू नका. पोरांच्या हातात वापरून फुटलं असं लिहा. ते खरं आहे."

साहेबांचं पेन बराच वेळ कागदावर अधांतरी राहिलं. शेवटी त्यांनी 'वापरात फुटले' असं लिहिलं, खाली सही केली आणि चहा न घेताच जीपकडं गेले. हप्ता त्या साली आला नाही. पुढच्या साली आला, तोही अर्धाच, आणि कुसुमबाईचा पगार मात्र पहिल्या महिन्यापासून न चुकता कापला गेला.

पण ते नंतरचं. त्या दिवशी जीपचा धुरळा खाली बसायच्या आधीच दत्तराव गुरुजींनी हात पुढं केला होता.

"आणा ती किल्ली, बाई. झालं एवढं बस झालं."

"पगार कुणाचा कापायचा ठरलं, गुरुजी?"

"तुमचा."

"मग किल्ली माझ्याजवळच राहील."

तिनं किल्ली पदराच्या टोकाला बांधली, गाठ दातानं आवळली आणि पुढच्या गटाला हाक मारली. गुरुजींचा हात तसाच पुढं राहिला. साहेबांसाठी आणलेला चहा निवून चालला होता, रंगनाथनं तो कप त्या हातात ठेवला.