मामांकडे जाणारी वाट

शेवंतीकाकूंचे मामा वारून कैक वर्षं झाली होती, तरी काकू दर रविवारी सकाळी मामांकडे जात. पायात कॅनव्हासचे बूट, साडीचा पदर कमरेला घट्ट खोचलेला, पाठीवर नातवाचं जुनं दप्तर आणि त्यात भाकरी-ठेचा. गंगापूर रोडवरच्या आमच्या इमारतीत कुणी हटकलंच, तर "मामा थकलेत, बघून येते," असं त्या इतक्या काळजीनं सांगत, की तळमजल्यावरच्या एका भाबड्या शेजाऱ्यांनी मामांसाठी च्यवनप्राशचा डबा पाठवला. काकूंनी तो कड्यावर बसून बोटानं चाटून संपवला.

आमची इमारत उभी आहे तिथं पूर्वी त्यांचा शेवंतीचा मळा होता, म्हणून त्या शेवंतीकाकू. आणि मामा म्हणजे त्र्यंबकच्या बाजूच्या जंगलातली एक उभी चढण आणि तिच्या टोकाचा कडा. मी एकदा त्यांना बसस्टँडवर गाठलं आणि हट्टच धरला, तेव्हा कुठे गुपित फुटलं. नाव मात्र त्यांनी मलाही सांगितलं नाही. जवळच्या एका धबधब्याचं काय झालं ते त्यांनी पाहिलं होतं. "एकानं फोटो टाकला अन् आता तिथं पाणी कमी, पिशव्या लय," असं म्हणून त्यांनी माझा मोबाईल दप्तराच्या तळाशी, भाकरीखाली ठेवून दिला.

खबरदारी तर अशी, की गुप्तहेरांनी शिकवणी लावावी. तिकीट पुढच्या गावाचं काढायचं, तिथं उतरायचं आणि सडकेनं मागं चालत यायचं. जंगलात शिरायची जागा दर वेळी वेगळी. कुणी दगडांवर चुन्याचे बाण काढले, तर काकू ओल्या पाल्यानं ते घासून पुसत आणि दगड मांडून स्वतःचा नवा बाण करत. तो थेट पायथ्याच्या शंकरभाऊंच्या गोठ्यात नेई. फसलेल्या मंडळींना शंकरभाऊ चहा पाजून परत बसला लावून देत. हा अन्याय आहे, असं मी एकदा म्हटलं, तर काकूंचं म्हणणं पडलं की चहा पाजतोय ना, मग कसला अन्याय.

चढताना बसायला बंदी. धाप लागली तर झाडाला धरून उभं राहायचं. वर पोचल्यावर आधी दरीकडे पाठ करून भाकरी खायची, कारण उपाशी माणसाला देखावा दिसत नाही, घर दिसतं, असं त्यांचं मत. मग हात पुसून त्या सावकाश वळत. खाली कारवीनं भरलेले उतार, लांबवर धरणाचं पाणी, त्याच्या पलीकडे धुरकट झालेलं नाशिक.

"तो बघ आमचा मळा," त्या बोट दाखवून म्हणत.

"काकू, तिथं आपली इमारत आहे."

"इथून दिसती का?"

खरंच दिसत नव्हती. मग मी उरलेला ठेचा खाई.

पुढे काकूंचे गुडघे गेले. डॉक्टरांनी जिन्यालाही मनाई केली आणि मामांकडे जाणं थांबलं. दोन पावसाळे तसेच गेल्यावर त्यांनीच मला, जरा बघून ये, म्हणून पाठवलं. मी मोठ्या ऐटीत निघाले. पण इतक्या वेळा जाऊनही एकही वाट ओळखीची वाटेना. कारवी डोक्याच्या वर गेली होती. शेवटी दगडांचा एक बाण दिसला. देव पावला म्हणून मी त्यामागं गेले आणि बरोब्बर गोठ्यात जाऊन उभी राहिले. शंकरभाऊंनी काही न विचारता चहाचं आधण ठेवलं. आता वर कुणीच जात नाही, वाट पार बुजली, असं त्यांनी सांगितलं.

घरी येऊन मी हे सांगितलं, तेव्हा काकू डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग बराच वेळ गुडघ्यावर तेल चोळत राहिल्या.

"माणसांपासून वाचवली अन् कारवीला देऊन बसले," त्या म्हणाल्या. "चार बाया जमव. पिशव्या न टाकणाऱ्या. चालत राहाल तरच वाट राहील."

मी आमच्याच इमारतीतल्या चौघी जमवल्या. प्रत्येकीची काकूंनी स्वतः मुलाखत घेतली, त्यात एक वेफर्सच्या प्रश्नावर नापास होता होता वाचली. शंकरभाऊ कोयता घेऊन पुढे झाले आणि त्यांच्यामागून आम्ही वर गेलो. दरीकडे पाठ करून भाकरी खाल्ली, मग वळलो.

संध्याकाळी आम्ही पाचही जणी काकूंच्या खाटेशी जाऊन उभ्या राहिलो. कुणी फोटो काढला का, हा त्यांचा पहिला प्रश्न. वेफर्सवालीनं मान खाली घालून फोन पुढे केला. काकूंनी तो हातात घेतला, चष्मा लावला आणि धरणापलीकडच्या धुरकट जागेवर बोट ठेवून त्या कितीतरी वेळ बघत बसल्या.

"बघून झालं," त्या शेवटी म्हणाल्या. "आता पुसून टाक."

आमच्या डोळ्यांदेखत तो पुसला गेला.

यंदाच्या थंडीत काकू गेल्या. त्यांची फार आठवण येते, आणि सर्वांत जास्त येते ती रविवारी सकाळी बूट घालताना. परवा तळमजल्यावरच्या त्या शेजाऱ्यांनी जिन्यात विचारलं, एवढ्या सकाळी सगळ्याजणी कुठे निघालात. मी सांगितलं, काकूंचे मामा एकटे पडलेत, त्यांना बघून येतो. त्यांनी आम्हाला जरा थांबायला सांगितलं आणि आतून च्यवनप्राशचा डबा आणून दिला.