लोटननानांची दाद

लोटननानांना रागांची नावं विचारू नयेत. ती नानांनी आपली आपणच ठेवलेली आहेत. तोडी म्हणजे 'उपाशी पोटना राग', यमन म्हणजे 'दिवाबत्तीना राग', आणि दरबारीबद्दल त्यांचं मत असं, की "हाऊ जड शे भाऊ, जेवीसन ऐकाले जोयजे." जळगावचे जाणकार यावर हसतात. हसोत बापडे! सम कुठे येणार हे त्यांना मांडीवर बोटं मोजून कळतं, नानांना न मोजता कळतं.

धरणगावच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये नानांनी एकतीस वर्षं काढली. शेजारचा माणूस बोंबलला तरी ऐकू येऊ नये, असा तिथला गोंगाट. गाण्याची गाठ पडली ती केवळ उन्हामुळे. एकदा एप्रिलमध्ये चष्मा करायला ते जळगावला आले. दुकान उघडायला अवकाश होता आणि समोरच्या सभागृहाच्या दारातून गार वारा येत होता. वाऱ्याच्या लोभानं नाना आत शिरले, मागच्या खुर्चीत त्यांनी मस्त डुलकी काढली. जाग आली तेव्हा कुणीतरी गात होतं आणि यांचे डोळे वाहत होते. चष्मा त्या दिवशी राहूनच गेला. त्याला आता पंधरा वर्षं झाली. जळगावात मैफल आहे आणि नाना नाहीत, असं त्यानंतर कधी घडलं नाही.

अडचण एकच, नानांची दाद. चारचौघं 'वाह' म्हणतात, 'क्या बात है' म्हणतात. नानांच्या तोंडून निघतं, "मरी गऊ वं माय!" म्हणजे मेलो गं आई! आणि निघतं तेही यंत्रांवर ओरडून ओरडून कमावलेल्या गळ्यातून.

नाना मागच्या खुर्चीत बसत होते तोवर हे खपून गेलं. गेल्या वर्षी मात्र त्यांना अगदी पुढे सतरंजीवर जागा मिळाली. इंदूरच्या उषाताई गात होत्या. एक लांबलचक तान घेऊन त्या नेमक्या समेवर उतरल्या आणि नाना ओरडले, "मरी गऊ वं माय!" शेजारी गावात नवीनच आलेले एक डॉक्टर होते. त्यांनी नानांना तिथंच आडवं केलं आणि छाती दाबायला घेतली. तबला थांबला, कुणी ॲम्ब्युलन्सला फोन लावला, आणि नाना खालून कळवळून सांगत होते, "सोड ना भाऊ, गानं चालू शे!" खरा प्रकार कळल्यावर उषाताई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मैफली भरवणाऱ्या मंडळाचे सचिव भूपेंद्रभाऊ मात्र हसले नाहीत. हा माणूस हातरुमालालाही इस्त्री करतो.

यंदा उषाताई पुन्हा येणार ठरलं, तसा भूपेंद्रभाऊंचा धरणगावला फोन गेला.

"नाना, या जरूर. पण शब्द द्या. मैफलीत तोंडातून एक अक्षर निघालं, तर पुढं तुमचं येणं कायमचं बंद."

नानांनी शब्द दिला. दुसरं काय करणार? मैफल सुटली असती तर त्यांना अन्न गोड लागलं नसतं. मोगराबाईंनी नवऱ्याला बरोबर ओळखलेलं. त्यांनी नानांच्या खिशात खडीसाखरेची पुडी कोंबली. "जीभ वळवळनी का टाक तोंडमा," त्या म्हणाल्या.

रविवारी पहाटेच्या एसटीनं नाना सात वाजता सभागृहात हजर. उषाताईंनी तोडी धरली. पहिली सम आली, नानांनी एक खडा तोंडात टाकला. दुसरी आली, दुसरा खडा. द्रुत सुरू व्हायच्या आत पुडी संपली, तेव्हा त्यांनी उपरण्याचं टोक दातांत धरलं. सभागृह मात्र फार सभ्य होतं. लोक बक्षीस समारंभात वाजवतात तशा बेतशीर टाळ्या वाजवत होते. उषाताई दर समेला नानांकडे बघत आणि नाना खाली सतरंजीकडे बघत. हळूहळू ताईंच्या ताना आखडल्या. शेवटी भैरवी न गाताच त्यांनी हात जोडले. भूपेंद्रभाऊंनी माईकवरून शिस्तबद्ध श्रोत्यांचं तोंडभरून कौतुक केलं.

लोक उठू लागले. उषाताई मंचावरून उतरल्या त्या थेट नानांपुढे येऊन उभ्या राहिल्या.

"नाना, आज माझं काही चुकलं का हो?"

एवढी मोठी बाई, आणि आवाज परीक्षेचा निकाल विचारणाऱ्या पोरीचा. नानांना भडभडून आलं. पण शब्द म्हणजे शब्द. त्यांनी आधी भूपेंद्रभाऊंकडे पाहिलं.

"भाऊ, आते बोलू का?"

"बोला," भूपेंद्रभाऊ पुटपुटले.

"तुमनं काहीच चुकनं नही, बाई! मी शबद देल शे, तोंड उघडाव नही म्हनीसन. दोन घंटा व्हयनात, मी मरी ऱ्हायनू, पन कोनले सांगता येस नही!"

उषाताईंनी सचिवांकडे पाहिलं. भूपेंद्रभाऊ कानापर्यंत लाल झाले. "मीच सांगितलं होतं त्यांना," ते म्हणाले. टाळाटाळ केली नाही, हे त्यांच्या बाजूनं लिहून ठेवायला हवं.

"मग भैरवी राहिली आहे," ताई म्हणाल्या. "बसा सगळे."

खोळीत गेलेले तानपुरे पुन्हा बाहेर आले. पार्किंगपर्यंत पोचलेले लोक धावत परतले. भैरवीला नाना 'चपला शोधाना राग' म्हणतात, पण आज कुणाला चपलांची आठवण नव्हती. भूपेंद्रभाऊ कडक इस्त्रीच्या पँटीसकट नानांच्या शेजारी सतरंजीवर मांडी घालून बसले. ताईंचा आवाज आता असा मोकळा लागला, की हाच मघाचा गळा का, असं वाटावं.

पहिली सम आली आणि गेली. नाना गप्प. दुसरी गेली, तरी गप्प. डोळे मिटलेले, गालांवरून पाणी चाललेलं. भूपेंद्रभाऊंची चुळबुळ सुरू झाली. तिसऱ्या समेला त्यांना राहवेना. त्यांनी नानांना कोपरानं ढोसलं.

"नाना, अहो बोला ना! आता कोण काही म्हणत नाही!"

नानांनी डोळेसुद्धा उघडले नाहीत.

"उगा ऱ्हाय ना भाऊ," ते म्हणाले, "ऐकू दे!"